मांडीवर देव

रविवारी गाझियाबादला, चिन्मयच्या फ्लॅटवर, माझ्या तोंडून एक वाक्य गेलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. नातीचं उष्टावण होतं. शिवांजलीला सातवा लागलाय. रेवतीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, तिला जरीचं परकर-पोलकं घातलं होतं आणि ते टोचतंय म्हणून पोर कुरकुरत होती. रेवतीचा भाऊ ऋग्वेद नाशिकहून चांदीची वाटी घेऊन आला होता, मामाच्या थाटात पाटावर बसला होता. मी समोरच्या पाटावर, पदर सावरून. रेवतीनं बाळ माझ्यापुढे धरलं, "आई, घ्या ना हिला मांडीवर." आणि मी म्हणाले, "गोद में भगवान हैं." हिंदीत. माझ्या सुनेला, मराठी घरात, हिंदीत. सगळे हसले. ऋग्वेद म्हणाला, "काकू एकदम दिल्लीवाल्या झाल्या की." चिन्मय म्हणाला, "आई, भगवान कुठले, राक्षसीण आहे ही." मीही हसले. हसायला मला कधी त्रास पडत नाही. रेवती तेवढी हसली नाही. तिनं माझ्या मांडीकडे बघितलं. मांडीवर काही नव्हतं, हातरुमालसुद्धा नव्हता. मग तिनं बाळ ह्यांच्याकडे दिलं आणि शिवांजलीनं आजोबांच्या मांडीवर बसून खीर खाल्ली, निम्मी त्यांच्या झब्ब्यावर.

आता गंमत अशी, गंमत कसली मेली, की रेवतीची बाळंतपणाची रजा एकतीस तारखेला संपते आणि एक तारखेपासून बाळ दिवसभर माझ्याकडे राहायचं ठरलंय. चिन्मय सकाळी गाडीतून दोघींना घेऊन निघणार, बाळाला आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरवर उतरवणार, रेवतीला पुढे भिकाजी कामा प्लेसच्या ऑफिसला. हे माझंच मागणं. पाळणाघराचं नाव काढल्यावर मीच आकांडतांडव केलं होतं, आजी धडधाकट असताना पोर परक्याकडे कशाला म्हणून. जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून ठेवली आहेत, सहाण घासून ठेवली आहे, खालच्या ड्रॉवरना दोऱ्या बांधल्या आहेत. आणि सात महिन्यांत मी त्या पोरीला एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी फार हुशार आहे. खांद्यावर घेते, कडेवर घेते, पलंगावर निजवून तेल लावते. आंघोळ पायांवर घालायची वेळ आली तेव्हा म्हटलं, माझे गुडघे गेलेत, बाई लावा. गुडघे ठणठणीत आहेत. आर. के. पुरमच्या बाजारापर्यंत मी रोज चालत जाते.

परत येताना मेट्रोत जागा मिळाली. मी बसले, आणि बसल्याबरोबर मांडीवर वजन आलं. ते येतंच. साधारण दोन किलोचं, गोल, कडेला थोडं टोचणारं. दोन्ही हात आपोआप त्याच्याभोवती जातात. समोरची मुलगी माझ्या हातांकडे बघायला लागली म्हणून मी पर्स ओढून हातात धरली. हे शेजारी, म्हणजे श्यामकांत, माझे यजमान. नाकासमोर बघत म्हणाले, "उगीच मनाला लावून घेऊ नकोस. जागा नवीन आहे. प्रत्येक बदलीनंतर तुला वर्षभर असं होतं." मी म्हटलं, "वर्ष होत आलं." "मग होईलच ठीक," हे म्हणाले. ह्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला मुदत असते.

बदली. हा शब्द आमच्या घरात तांदळाच्या डब्यासारखा, रोज लागतो. केंद्र सरकारची नोकरी, तीस वर्षांत अकरा बदल्या, जबलपूर, सिल्चर, भूज, बरेली, अशी यादी मी झोपेत म्हणू शकते. पण गेल्या मे महिन्यात पूंछहून आम्ही निघालो ती बदली नव्हती. आम्ही पळून आलो. सीमेपलीकडून गावावर तोफगोळे पडायला लागले आणि आम्ही जीपमध्ये बसून पळालो, साध्या मराठीत पळालो. जम्मूला एका ऑफिसच्या गेस्ट हाउसमध्ये गाद्या टाकून राहिलो, मग दिल्लीला ह्यांच्या मित्राकडे, आणि एकोणीस दिवसांनी ह्यांची दिल्लीची ऑर्डर निघाली. त्या कागदानं सगळं साफ केलं. हे तो कागद कुणालाही काढून दाखवतात. "आपण पळून आलेलो नाही, माझी रीतसर ऑर्डर आहे." ऑफिसातले लोक म्हणाले, "लकी हो यार, पूंछ से सीधा आर. के. पुरम." महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाला कुमुदवहिनींनी विचारलं, "एवढी छान बदली कशी हो लावून घेतलीत?" मी म्हटलं, "नशीब." आणि तिळगूळ घेतला. ह्यांचं काय विचारता, हे तर पूर्ण बरे आहेत. फक्त भर मे महिन्यात मोजे घालून झोपतात आणि बूट, लेस सैल करून, टोकं दाराकडे करून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, पाय गार पडतात. टीव्हीवर बातम्या लावतात, पण आवाज बंद करून, नुसत्या खालच्या पट्ट्या वाचतात. मी कधी त्यावर बोलत नाही. त्यांनीही माझ्या मांडीवर बोलू नये, एवढीच अपेक्षा.

पण ते वाक्य कुठून आलं ते मला ठाऊक आहे, आणि ह्यांनाही ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच बदलीत सासूबाईंनी नियम घालून दिला होता. देव ट्रंकेत जायचे नाहीत, पायाशी ठेवायचे नाहीत, हमालाच्या डोक्यावर तर नाहीच. घरच्या सुनेनं मांडीवर घेऊन बसायचं, नव्या घरी पोचेपर्यंत. माझ्या माहेरची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, सासरचे चार टाक, शंख, घंटा, सगळं लाल खणात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, आणि डब्याला ह्यांच्या जुन्या टायची गाठ. दोन-दोन दिवसांचे प्रवास मी तो डबा मांडीवर घेऊन केलेत, पाय बधिर होईस्तोवर. गाडीत कुणी म्हणायचं, बहनजी, जरा बच्चा पकड़ना, कुणी पिशवी टेकवायला यायचं. माझं ठरलेलं असायचं: "गोद में भगवान हैं." लोक लगेच मागे सरायचे. काहीजण तर डब्याला हात जोडायचे. मला तेव्हा त्याची थोडी ऐटसुद्धा वाटायची. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता ते म्हणायला माझी गरज लागत नाही, आपलं आपण म्हटलं जातं.

पूंछच्या क्वार्टरला लागून गुलनाजचं घर होतं. शाळेत शिकवायची, नवरा कामासाठी बाहेरदेशी, घरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि आठ वर्षांची अरीबा. ही अरीबा संध्याकाळी मी दिवा लावायला घेतला की हजर. चपला बाहेर काढून, उंबऱ्याशी बसून विचारायची, आंटी, ये खाना देने वाली हैं ना, और ये माखन वाला. तिला नावांपेक्षा कामं लक्षात राहायची. त्या दिवशी पहाटेपासून गोळे पडत होते. पहिला पडला तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी सिलिंडर गेला. मग दुसरा, तिसरा, आणि भिंतीतून येणारा तो हादरा, जो आधी दातांना कळायचा आणि मग कानांना. दहाच्या सुमाराला ऑफिसची जीप आली, ड्रायव्हर म्हणाला, मैडम, दस मिनट. आणि मी काय केलं माहीत आहे? मी अगदी व्यवस्थित निघाले. गॅसचं पुस्तक घेतलं, औषधं घेतली, फ्रिजचं बटण बंद केलं, देव खणात गुंडाळले, टायची गाठ मारली. अकरा बदल्यांची सवय. मी घाबरून, भान सुटून काही केलं असतं तर आज स्वतःला माफ करायला काही तरी आधार होता. माझे हात थरथरतसुद्धा नव्हते.

जीपमध्ये आठ जण कोंबलेले. मी खिडकीशी, मांडीवर डबा. गुलनाज धावत आली, अरीबाला उचलून. आठ वर्षांची मुलगी उचलण्याएवढी लहान नसते, पण तिनं उचलून आणली होती. म्हणाली, "दीदी, इसे जम्मू तक ले जाओ. आपकी गोद में आ जाएगी. वहाँ मेरा भाई ले लेगा. मैं अम्मा को छोड़के नहीं आ सकती." आणि तिनं पोरीला खिडकीतून आत द्यायला सुरुवातही केली. पोरीचा एक पाय आत आला होता, गुडघा डब्याला लागला. मी म्हणाले, "गोद में भगवान हैं." विचार केला नाही. नाही म्हणायचं असं ठरवलं नाही. कुणी काही मांडीवर द्यायला आलं आणि तोंडातून जे नेहमी बाहेर पडतं ते पडलं. गुलनाजनं एक क्षण माझ्याकडे बघितलं, मग पाय बाहेर ओढून घेतला. "अच्छा, दीदी," म्हणाली. रागानं नाही. रांगेत उभं राहिल्यावर खिडकी बंद झाली की माणूस म्हणतो तसं. ड्रायव्हरनं गिअर टाकला. वाटेतलं सुरनकोट मागे पडलं तेव्हा मला कळलं मी काय बोलले. डबा पायाशी ठेवता आला असता. एका माणसाच्या हातात देता आला असता. देव काय रुसणार होते? गाडी वळवा असं तेव्हाही म्हणता आलं असतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे समोरच्या काचेतून बघत होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्याही तोंडून शब्द निघाला नाही, आणि त्या वाक्याबद्दल आम्ही दोघांनी आजवर अवाक्षर काढलेलं नाही. इथे मी रोज पूजा करते. न करून सांगणार कुणाला. फुलं वाहते, घंटा वाजवते, आणि अन्नपूर्णेच्या तोंडाकडे बघत नाही.

उष्टावणानंतर मंगळवारी रेवती आम्हाला डॉक्टरकडे घेऊन गेली. मनाच्या डॉक्टरकडे. ती स्पष्टच म्हणाली, "आई, एक तारखेच्या आधी एकदा दाखवून येऊ. माझ्या समाधानासाठी." पोरगी गोड आहे, पण बावळट नाही. सरकारी दवाखाना, लांबलचक बाक, गर्दीत एक बाई स्वतःच्या बोटांशी बोलत होती आणि मला वाटलं, मी इथे कुठे आले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या. "क्या तकलीफ है?" नींद, मी म्हटलं. "कब से?" एक साल. "एक साल पहले कुछ हुआ था? कोई सदमा? कोई डेथ?" रेवतीनं तोंड उघडलं, "डॉक्टर, ये लोग पूंछ में थे, जब वो…" आणि ह्यांनी तिला मध्येच तोडलं. "नहीं मैडम, हमें तो एक खरोंच भी नहीं आई. ट्रान्सफर हुआ था. ट्रान्सफर के बाद इन्हें थोड़ा ऐसा होता है." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. विचारायची वेळ होती, सांगायचीही होती. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, पाय, गुडघा, खिडकी. पण पूंछमध्ये जे राहिले त्यांच्या घरांच्या भिंती गेल्या, माणसं शाळेच्या वर्गांत चटया टाकून महिनोन्‌महिने राहिली, आणि मी पंख्याखाली बसून सांगायचं की मला त्रास होतो? कशाचा, चांगल्या क्वार्टरचा? मी म्हटलं, "जी, ट्रान्सफर." बाईंनी लिहिलं. एडजस्टमेंट का टाइम लगता है, म्हणाल्या, उमर भी है. झोपेच्या गोळ्या दिल्या. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "बघ, काही नाही." रेवतीनं कडेवरच्या बाळाचं टोपडं नीट केलं, जे नीटच होतं.

गुरुवारी दुपारी ती एकटी आली, बाळाला घेऊन. ऑफिसात रुजू व्हायचे कागद द्यायचे होते. "एक तास, आई. जमेल ना?" तिच्या आवाजात विनंतीही होती आणि परीक्षाही. मी म्हटलं, "जा गं, बिल्कुल जा." मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. बाळ सतरंजीवर झोपलेलं, एक मूठ गालाशी, ओठ अधूनमधून चोखल्यासारखे हलवत. मी जमिनीवर बाजूला बसून बघत राहिले. मला ही हवी आहे. चिन्मय लहान असताना बदल्यांच्या धावपळीत त्याचं बाळपण मी पाहिलंच नाही, ते मला हिच्यात पाहायचं आहे, हिची नखं काढणं, हिचं पहिलं बोळकं हसू, हिच्या मानेचा आंबूस दुधाचा वास. मग ती जागी झाली. इकडेतिकडे बघितलं, मी दिसले, हसली आणि पोटावर सरकत माझ्याकडे आली. माझ्या गुडघ्याला हात लावला. साडी मुठीत पकडून वर यायला लागली, मांडीवर. आणि वजन आलं. डब्याचं. माझी मांडी भरलेली होती, जागाच नव्हती, आणि त्या भरल्या मांडीवर एक पोर चढत होती, आणि मला नक्की माहीत होतं की आता माझ्या तोंडून ते निघणार. मी उठले. तिच्या मुठीतून साडी सोडवली आणि उठून उभी राहिले. ती मागे कलंडली, लागलं नाही, पण रडायला लागली. मी स्वयंपाकघराच्या ओट्याला पाठ लावून उभी राहिले. मला वाटलं, एक मिनिट, आता घेते. तिचे हात वर झाले होते. आता घेते. कडेवर घ्यायला काय हरकत होती, रोज घेते की, पण वाकायला माझी कंबर तयार होईना, कारण वाकलं की मांडी येते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. घड्याळ समोरच होतं. शिवांजली रडत होती आणि मी उभी होते.

लॅच उघडून रेवती आत आली. एका नजरेत तिनं सगळं बघितलं: बाळ लालबुंद, हुंदके देत, सतरंजीच्या बाहेर गार फरशीवर, आणि आजी चार हात लांब, ओट्याला टेकून उभी. तिनं पर्स टाकली, बाळ उचललं, छातीशी धरलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला टेकून खालीच बसली आणि बाळाला थोपटत म्हणाली, "आई, आता मला सांगा. बाबा घरात नाहीत." मग मी सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, जीप, डबा, खिडकी, पोरीचा पाय. हिंदी वाक्यं हिंदीत सांगितली. सांगताना रडू येईल असं मला वाटलं होतं, ते आलं नाही. माझा आवाज रेशनच्या दुकानात तक्रार सांगताना येतो तसा येत होता. शेवटी म्हटलं, "मी पळून आले रेवती, आणि एका पोरीला बाहेर ढकलून आले. त्याला बदली म्हणू नका."

रेवतीनं एकच विचारलं, "त्या मुलीचं काय झालं?" मी म्हटलं, "माहीत नाही." "वर्षभरात विचारलं नाहीत?" "नाही." "नंबर आहे?" "आहे." खरं म्हणजे हीच गोष्ट मला सगळ्यात लाजिरवाणी वाटत होती, की नंबर होता. रोज फोनमध्ये तिचं नाव यायचं, ग च्या रांगेत, गॅस एजन्सीच्या खाली. रेवतीनं माझा फोन घेतला, लावला, स्पीकरवर टाकला आणि जमिनीवर ठेवला. चार-पाच घंटा वाजल्या आणि गुलनाजचा आवाज आला, जसाच्या तसा, थोडा घोगरा. "दीदी? अल्ला, दीदी, आप कहाँ चली गईं. हमने सोचा नंबर बदल गया." मी म्हटलं, "गुलनाज, अरीबा?" ती म्हणाली, "यहीं है, होमवर्क कर रही है." मी ओट्याला धरून खाली बसले. गुलनाज बोलत राहिली. सासू त्या पावसाळ्यात गेली. दोन महिने त्या सासूसकट वरच्या गावात शाळेत राहिल्या, मग परत घरी. स्वयंपाकघराची भिंत पडली तिथे पत्रा लावलाय. "और अरीबा?" मी परत विचारलं. "ठीक है, दीदी. बस, गाड़ी में नहीं बैठती. किसी भी गाड़ी में नहीं. बिठाओ तो पैर अकड़ा लेती है. स्कूल पैदल जाती है, तीन किलोमीटर. डॉक्टर कहते हैं, ठीक हो जाएगी." तिच्या आवाजात माझ्यासाठी काहीही नव्हतं, ना राग, ना टोमणा. तिला ते वाक्य आठवतही होतं की नाही, देव जाणे. मग म्हणाली, "लो, बात करो, कब से खींच रही है फोन." आणि ती पोर आली. मोठी झाल्यासारखा आवाज. "आंटी, आपके छोटे भगवान ठीक से पहुँच गए थे?"

मी म्हटलं, "हाँ बेटा. पहुँच गए." माफ कर म्हणायला हवं होतं, पण नऊ वर्षांच्या मुलीला कशाची माफी मागायची ते समजावून सांगावं लागलं असतं, आणि तिला समजलं असतं तर? फिर फोन करूँगी म्हणाले. करणारही आहे. फोन बंद झाल्यावर मी पहिल्यांदा रडले, चांगली ढसाढसा, आणि शिवांजली आईच्या खांद्यावरून माझ्याकडे टकामका बघत होती. रेवतीचेही डोळे भरले होते. ती म्हणाली, "पुढच्या मंगळवारी आपण दोघीच जाऊ डॉक्टरकडे. हे सगळं असंच्या असं सांगायचं." मी मान हलवली. मग ती थांबली. मला कळलं ती कशासाठी थांबली आहे, आणि तिला ते बोलावं लागू नये म्हणून मीच बोलले. "एक तारखेला पाळणाघरात नाव घाल." ती म्हणाली, "आई, तसं नाही…" मी म्हटलं, "तसंच आहे. ती कितीतरी वेळ रडत होती, रेवती. मी उचललं नाही. उद्या काय करीन मला ठाऊक नाही. मला ती हवी आहे म्हणून सांगतेय." ती नाही म्हणाली नाही.

चार वाजता ती निघाली. बाळाची बाटली, लंगोट, खुळखुळा, सगळं पिशवीत भरलं. मी शिवलेली दुपटी घडी करून वर ठेवली, ती तिनं नेली. दाराशी चपला घालताना तिनं सवयीनं बाळ माझ्यापुढे धरलं, सँडलचा पट्टा लावायला दोन्ही हात लागतात म्हणून. माझे हातही पुढे झाले. मग तिला आठवलं. तिनं बाळ मागे घेतलं, अगदी हळू, मला लागू नये अशा बेतानं, आणि एका हातानं पट्टा लावायला बसली. तो काही लवकर लागेना. मी बाजूला उभी राहून वाट बघत राहिले.